टाकं कोणी खोदलं?

इसाकमियाँचा पाय मुरगळला आणि वाटाड्याचं काम त्यांच्या मुलीच्या, मेहरुन्निसाच्या अंगावर पडलं. पडलं कसलं, तिनं ते वरच्या वर झेललंच! सातवीची परीक्षा तोंडावर होती, पण तवलदऱ्याची वाट तिला कुठल्याही कवितेपेक्षा चांगली पाठ होती.

तवलदरा म्हणजे कळवणच्या मागच्या डोंगरांत, दोन सुळक्यांच्या मधे उंचावर लपलेलं खोरं. खालून बघणाऱ्याला वाटावं, वर नुसते कडेच. पण खिंडीतून डोकं बाहेर काढलं की समोर हिरवंगार पठार, नागलीची वावरं, दहा-बारा घरांची वाडी, एक पडका दरवाजा आणि कातळात खोदलेलं थंडगार पाण्याचं टाकं! कळवणपर्यंत मोटार सुरू झाल्यापासून नाशिकचीही माणसं हे बघायला येऊ लागली होती.

आजचे पाहुणे खास होते. पंचवटीचे वेणीमाधव वकील प्रवाशांसाठी माहितीचं पुस्तक लिहीत होते, आणि इथला वाटाड्या म्हणून कोणाचं नाव छापायचं ते आज ठरणार होतं. सोबत त्यांचे दोस्त, मालेगावचे सुताचे व्यापारी जमीलशेठ.

"नाव छापून आलं ना बेटा, तर लोक आपलं घर विचारत येतील," असं अब्बा सकाळपासून दहा वेळा म्हणाले होते.

चढताना मेहरुन्निसाची जीभ पायांच्या पुढे धावत होती. ही कारवी, सात वर्षांनी फुलते. तो सुळका, त्याच्यावर घारींची घरटी. वकील धापा टाकत लिहीत होते. शेठ नुसत्याच धापा टाकत होते.

टाक्यावर ओंजळभर पाणी पिऊन वकील म्हणाले, "हे पांडवांनी एका रात्रीत खोदलं. मागे आलो तेव्हा इसाकमियाँनीच सांगितलं."

"काय सांगता वकीलसाहेब!" शेठ उडालेच. "मी आलो होतो तेव्हा मला तर म्हणाले, बादशहाच्या सरदारानं हत्तींसाठी खोदलं."

"हत्ती? या खिंडीतून? अहो, तुम्ही एकटे कसेबसे मावलात!"

दोघं हसले आणि मग दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. गेल्या हिवाळ्यात एका गोऱ्या साहेबाला अब्बांनी तिसरंच काही सांगितलं होतं. एकाला खरं म्हणावं तर दुसरा रुसणार, आणि अब्बा खोटे ते खोटेच ठरणार.

"कोणालाच ठाऊक नाय," ती म्हणाली. "अब्बा पाहुणा बघून सांगतात. एवढा चढून येतो माणूस, त्याला इथं आपलं कोणीतरी भेटावं, असं वाटतं त्यांना."

वकिलांनी वही मिटली. "म्हणजे थापा. आणि अशा माणसाचं नाव मी छापू?"

"कोणी खोदलं ती थाप असेल," मेहरुन्निसाचा आवाज चढला, "पण दर चैत्रात गाळ कोण उपसतं ते विचारा की! अब्बा उपसतात. त्यांच्या आधी आजोबा. मीपण उतरते टोपली घेऊन. पूर्ण वाडी हेच पाणी पिते. आत्ता तुम्हीपण प्यालात!"

जमीलशेठ मांडीवर थाप मारून हसत सुटले. "उलटतपासणीत हरलात वकीलसाहेब! तेही सातवीतल्या पोरीकडून!"

वकिलांनी टाक्यात वाकून पाहिलं. तळाचा खडान्‌खडा दिसत होता. आणखी एक ओंजळ प्याले, मिशा पुसल्या आणि वही उघडून मोठ्यानं वाचत लिहू लागले, "टाकं कोणी खोदलं ते माहीत नाही. राखतात इसाकमियाँ. वाटाड्याही तेच. त्यांना जमत नसेल तेव्हा त्यांची कन्या मेहरुन्निसा."

"आणि माझे हत्ती?"

"घेतो एका ओळीत, पांडवांच्या मागे."

उतरताना मेहरुन्निसा त्या दोघांना कितीतरी मागे टाकून पळत सुटली. घर दिसू लागलं तेव्हा कुठे तिचे पाय मंदावले. अब्बांचं नाव छापून येणार होतं, आणि अब्बांचं बिंग फुटलं होतं. यातलं आधी काय सांगावं, तेच तिला कळेना.