बॉनेटचा मान

ताईचा सगळा जीव त्या लाल गाडीच्या बॉनेटवर. गाडी बाबांची, जुनी, रंगही मूळचाच. वर्षानुवर्षं दर रविवारी दारं, डिकी, चाकं ताईनं चमकवायची आणि बॉनेट मात्र बाबांनी स्वतः. तिथं दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. आता त्यांचं मनगट आखडलं होतं. ताईनं मनाशी ठरवून टाकलं, बॉनेट आता आपलंच.

तेवढ्यात धाकटी बहीण सुट्टीला आली. कित्येक वर्षांत घरात इकडची काडी तिकडे न केलेली. आणि बाबांनी पॉलिशचा डबा ठेवला तो नेमका तिच्या हातात. बॉनेट हिला करू दे, म्हणे. ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बॉनेटच्या मधोमध एक उंच कड होती. तिथला रंग घासून घासून पार पातळ झालेला. आधी तिच्यावर चिकटपट्टी लावायची, मगच पॉलिश, हे ताईला पक्कं ठाऊक. सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण बाईसाहेबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि चाकाशी जाऊन बसल्या.

धाकटीचं फडकं लाल होऊ लागलं. जुना रंग तो, फडक्याला लागणारच. हिला वाटलं मळच निघतोय, म्हणून आणखी जोर लावला. ताई तिरक्या नजरेनं बघत होती. आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

शेवटी कडेवर बोटभर रंगाखालचं करडं अस्तर उघडं पडलं. धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. आता बाबा कडाडणार, ताईनं कान टवकारले. ताईच्या हातून दाराला साधा ओरखडा आला होता तेव्हा त्यांनी आठवडाभर अबोला धरला होता.

बाबा वाकले, डागावरून बोट फिरवलं आणि चक्क हसले. पोरीच्या हातात जोर आहे, म्हणाले. ताई घाईघाईनं म्हणाली की उद्याच रंगाऱ्याकडे नेते.

"नको," बाबा म्हणाले. "ती गेल्यावर तिची एवढी तरी खूण राहील."

धाकटी गेली. उघड्या अस्तराला ओल लागली तर पत्रा गंजणार, म्हणून त्यावर मेण चढवत राहायला हवं, आणि ते काम ताईशिवाय कोण करणार? बॉनेट अखेर तिच्याकडे आलं. दर रविवारी ती आधी त्या डागावर मेण लावते. बाबा खुर्चीत बसून बघत असतात आणि न चुकता सांगतात,

"तिथं जरा हलक्या हातानं हं."