कथबर्टचं फाटक

कथबर्ट मेटकाफच्या कुरणातून नदीकडे जाणारी वाट हक्काची नाही. कथबर्टची मर्जी आहे तोवर ती वाट आहे, आणि कथबर्टची मर्जी म्हणजे आमच्या खोऱ्यातलं ऊन, आलं कधी नि गेलं कधी.

तसा हॅगबेक गावात फिरायच्या वाटांना तोटा नाही. पण बाकीच्या सगळ्या वाटांवर जिथे तिथे दगडी भिंती आडव्या येतात. पायऱ्यांनी भिंतीवर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. पोरांना त्यात भारी मजा वाटते. माझ्या नवऱ्याला, अल्बनला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत आहे, आणि खुर्ची काही भिंत चढत नाही. उरली ही एकच सपाट वाट. म्हणून दर रविवारी जेवणं झाली की मी गाव गोळा करते. पोरंबाळं, बाबागाड्या, कुत्री, सगळ्यांना घेऊन नदीपर्यंत फेरी, आणि परत आल्यावर गावच्या हॉलमध्ये चहा. लोकांना वाटतं, हेस्टरला समाजसेवेची भारी हौस. कसली हौस आणि कसलं काय! नवऱ्याला आठवड्यातून एकदा नदी दिसावी आणि खुर्ची ढकलायला तरणे हात मिळावेत, एवढाच माझा स्वार्थ.

उन्हाळ्यात परगावचे कुणी दीडशहाणे फाटक उघडं टाकून गेले, तेव्हा कथबर्टनं मलाच गाठलं. "हे बघ हेस्टर, पुन्हा एकदा माझं फाटक उघडं सापडलं की वाट बंद. कायमची. मग तू राजघराण्यातली असलीस तरी."

सप्टेंबरातला रविवार होता. पोरांची तोंडं ब्लॅकबेऱ्या खाऊन जांभळी झालेली. अल्याडच्या कुरणात कथबर्टचा मेंढा, विल्फ्रेड, एकटाच चरत होता. पल्याडच्या कुरणात मेंढ्या. मध्ये फाटक. आणि फाटक सताड उघडं!

"आधी ते लावून घ्या कुणीतरी," मी म्हटलं.

"मुळीच नाही," प्रुडन्स म्हणाली. ही आमची शाळामास्तरीण. निवृत्त झाली, पण आवाज अजून वर्गातच आहे. "फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. लहानपणापासून शिकलोय आपण. मेंढ्यांना पाण्याकडे जायला म्हणून मुद्दाम उघडं ठेवलं असेल तर?"

"अगं, पाणी त्यांच्याच बाजूला आहे!"

"ते कथबर्टला ठाऊक. आपण कोण ठरवणार?"

झालं! संसद भरली. कुणी म्हणे लावा, कुणी म्हणे राहू दे, कुणी म्हणे अर्धं लावू या. एकानं तेवढ्यात थर्मास उघडून चहासुद्धा ओतला. आणि हे चालू असताना विल्फ्रेड मान खाली घालून, सावकाश, आमच्या मधूनच फाटकाकडे निघाला. आता आमच्या माणसांनी काय करावं? बाजूला झाले! प्रुडन्स तर चक्क त्याला "सॉरी" म्हणाली आणि आपली छत्री आवरून घेतली. मेंढ्याला सॉरी! विल्फ्रेड पलीकडे गेला आणि मग मात्र असा उधळला, की पोरं टाळ्या पिटायला लागली.

"तो त्यांच्याशी खेळतोय का?" पाच वर्षांच्या फ्लोरीनं विचारलं.

"हो गं बाई," मी म्हटलं. "खेळतोय."

खालच्या अंगानं कथबर्टची चारचाकी मोटारसायकल धडधडत येताना दिसली. नेमकी त्याच वेळी अल्बनची खुर्ची फाटकाच्या खांबाला लागून उभी होती. त्यानं आपला धड हात खांबामागे घातला, खिळ्यावरून काहीतरी काढलं आणि मांडीवरच्या घोंगडीखाली सरकवलं. मी पाहिलं. कथबर्टची टोपी! तपकिरी, चौकड्यांची, काठ झिजलेली. फाटकाच्या कडीशी झटापट करायची वेळ आली की तो ती त्याच खिळ्याला अडकवतो, हे गावाला माहीत आहे.

म्हणजे फाटक पठ्ठ्या कथबर्टनं स्वतःच उघडलं होतं आणि टोपीसकट तसंच विसरला होता.

मी तोंड उघडणार, एवढ्यात अल्बननं माझं मनगट धरलं. "गप," तो म्हणाला. झटक्यापासून त्याचे शब्द अडखळत येतात, पण हा मात्र सरळ आला.

कथबर्ट उतरला तो तोफखान्यासारखाच. "एक रविवार! एक रविवार तुम्हाला फाटक सांभाळता येत नाही? आता फेब्रुवारीत बर्फात कोकरं होतील माझी. ती काय तुझ्या चुलीपाशी झोपवू, हेस्टर?"

"आम्ही आलो तेव्हा उघडंच—"

"मी स्वतः लावलं होतं ते! या हातांनी!" त्याचं टक्कल लालबुंद झालं होतं. एरवी ते गावाला फक्त चर्चमध्ये, टोपी काढल्यावर, दिसतं. "संपलं. पुढच्या रविवारपासून वाट बंद. सगळ्यांना ऐकू आलं ना? बंद!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं आणि दुसरंही. तो वळला, तेव्हा अल्बननं घोंगडीखालून टोपी काढली, फक्त त्याला दिसेल अशी.

"कथ... डोकं... गार पडेल."

कथबर्टनं टोपी घेतली, डोक्याकडे नेली आणि हात अर्ध्यावरच थांबला. त्यानं खांबावरच्या खिळ्याकडे पाहिलं. मग अल्बनकडे. मग टोपी घातली आणि विल्फ्रेडच्या मागे निघून गेला.

घरी आल्यावर मी अल्बनला फाडून खाल्लं. "सगळ्यांसमोर ती टोपी वर धरली असतीस तर वाट वाचली असती! मोठा दानशूरच लागून गेलास की नाही!"

"मग तो... चुकला असता."

"अरे, चुकलाच आहे तो!"

"सगळ्यांसमोर," अल्बन म्हणाला. एवढं बोलून तो दमला आणि खिडकीबाहेर बघत बसला. खिडकीतून आम्हाला कोळशाची कोठी दिसते. दुसरं काही नाही.

आठवडाभर मी भांडी घासताना रडत होते. तोंडानं मात्र म्हणत होते, बरं झालं, रविवारची कटकट गेली. पण रविवार उजाडला तशी अल्बननं स्वतःहून कोट मागितला. नाही कसं म्हणणार? बाहेर पडले तर गल्लीच्या तोंडाशी अख्खं गाव उभं. प्रुडन्स, बाबागाड्या, कुत्री. "आम्ही आपले फाटकापर्यंत," प्रुडन्स म्हणाली. "तिथून परत फिरू."

फाटकाला नवीकोरी साखळी होती. तिला नवंकोरं कुलूप. आणि शेजारी, टोपी भुवयांपर्यंत ओढून, कथबर्ट.

"वाट बंद म्हणालो होतो," तो म्हणाला. "बंद आहे. माझा शब्द फिरत नाही."

"दिसतंय," मी म्हटलं.

त्यानं खिशातून सुतळीला बांधलेली किल्ली काढली आणि अल्बनच्या गळ्यात घातली. "याच्यापुरती उघडी. उघडायचं यानं, लावायचं यानं. बाकी कुणी पाऊल टाकायचं नाही." मग तो आभाळाकडे बघत म्हणाला, "आता ही खुर्ची काही एकट्या माणसाला ढकलवत नसेल."

मला कळायला जरा वेळच लागला. "छे! एकट्याला कसली ढकलवते."

"किती जण लागतात?"

मी मागे वळून पाहिलं. "हे सगळे."

"कुत्रीसुद्धा?"

"चढावर लागतात."

"वाट सपाट आहे, हेस्टर."

"मग ती परत येताना लागतील."

कथबर्टच्या मिशा हलल्या. हसला म्हणणार नाही मी, पण हलल्या. तो बाजूला झाला.

अल्बननं कुलूप काढलं, मग सगळ्यांनी खुर्चीला हात लावले. ज्यांचे पोचेनात त्यांनी पुढच्याचा कोट धरला. फ्लोरीनं एका चाकाची जबाबदारी घेतली आणि दुसऱ्या कुणाला त्याला बोट लावू दिलं नाही. अशी ती वरात फाटकातून आत आली.

"थांबा," अल्बन म्हणाला.

त्यानं खुर्ची वळवायला लावली. एका हातानं साखळी ओढली, ती सुटली, पुन्हा ओढली. प्रुडन्स मदतीला पुढे झाली, तिला मी कोपरानं मागे सारलं. दोन वर्षं सगळीकडे आम्ही याला म्हणत होतो, तू थांब हं, आम्ही करतो. आज अख्खं गाव त्याच्यासाठी थांबलं होतं आणि कुणालाही घाई नव्हती.

कुलूप हातात धरून त्यानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. आणि दोन वर्षांत बोलला नव्हता एवढं, एका दमात, खणखणीत बोलला:

"आलात ना सगळे आत? लावतो आता."

आणि लावलं.