दोन श्रीमंत देशांमधला गुडघा

थोरलीने शुक्रवारी राजीनामा दिला. धाकटीला मात्र रविवारच्या फोनवरच सांगायचं, चकित करायचं, असं तिने ठरवलं होतं.

दोघी बहिणी दोन श्रीमंत देशांत पोटापाण्याला लागलेल्या. थोरली एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायची. धाकटी म्हाताऱ्या माणसांच्या निवासात त्यांना उठवायची, बसवायची, भरवायची. दर रविवारी फोन. शेवटी दोघींनी मिळून देवाचं नाव घ्यायचं. आवाज एक श्वास उशिरा पोचायचा, त्यामुळे एक जण कायम मागे राहायची. देव तेवढं सांभाळून घेत असणार.

देवाच्या नावाआधी चालायची ती तुलना. थोरली हॉटेलच्या मागच्या दारात उभी राहून फोनचा हात लांब करायची, म्हणजे पडद्यावर तिच्यामागे कारंजं दिसायचं. त्या कारंज्याजवळ जायची कामगारांना मनाई होती. धाकटी निवासाच्या दिवाणखान्यात बसायची, मागे भिंतभर काच.

"आमच्याकडे मालक आणि झाडूवाला एकाच दाराने आत येतात हो ताई," धाकटी म्हणायची. "आणि डॉक्टर फुकट."

"आमच्याकडे कष्टाला मोल आहे," थोरली म्हणायची.

एकीच्या जिवाला दुसरीचा घोर लागू नये, म्हणून दोघी आपापल्या देशाची आरती ओवाळत. माया खोटं बोलते तेव्हा रागवावं तरी कुणावर?

पण त्या आरतीवर थोरलीने विश्वास ठेवला. तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता आणि इथली शस्त्रक्रिया तिच्यासारखीच्या आवाक्यातली नव्हती. बहिणीला बोलावून घेता येतं, असं धाकटीच एकदा म्हणाली होती. थोरलीचा इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की महिनाभरात देश सोडायचा. सोडू की, म्हणून तिने कागद दिला.

रविवारी ती तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, रागावू नकोस. मी राजीनामा लिहिलाय. उद्या देते. तुझ्याकडे येते."

"माझ्याकडे? कशाला?"

"इथे दिवस नाही निघत गं. आम्ही चौघी एका खोलीत. पलंग दोनच. ज्यांची दिवसपाळी त्या रात्री झोपतात, बाकीच्या दिवसा."

"आणि ती काच?"

"ती म्हाताऱ्यांची."

थोरली भिंतीला टेकली. "पण दार तरी एकच ना?"

"दार एकच. आत आल्यावर मालक वर जातो, मी खाली. बारा वर्षांत इथल्या लोकांच्या एकाही घरात मला बस म्हणाले नाहीत."

"डॉक्टर?"

"फुकट आहे. रांग दोन वर्षांची. आणि बाहेरून आलेल्याचं नाव रांगेत घ्यायलाच एक वर्ष. का गं, तुझा गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय," थोरली म्हणाली. मग धाकटीचा कागद थांबवायला तिने सगळं सांगून टाकलं: कारंजं, तळघर, कामगारांचं मागचं दार, शेजारच्या टेबलावरची बाई गेल्या वर्षी औषधाविना गेली ते. सगळं, एक शुक्रवार सोडून.

पलीकडे कागद फाटल्याचा आवाज आला. "मग मी इथेच बरी," धाकटी म्हणाली. "तूही तिथेच राहा ताई."

"राहते."

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधीच थोरली मुकादमबाईंच्या खोलीत गेली. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कागद वर गेला, मावशी. मागे नाही घेता येत. तुम्हाला नव्याने घेऊ शकते मी."

"नऊ वर्षं झाली मला."

"पण संगणकात तुम्ही आजच कामाला लागलात असं दिसणार. नव्यांना घडीचं टेबल नाही, बसायचं काम नाही. चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळापाशी उभं राहावं लागेल, वर्षभर. नाही म्हणालात तर महिना संपायच्या आत..."

"ठाऊक आहे. कुठे सही करू?"

रुळावर बडबडी होती. सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. चार वर्षांपूर्वी थोरलीनेच तिला ओल्या चादरीची कड कशी धरायची ते शिकवलं होतं.

"अरे वा, नवी सून आली," बडबडी म्हणाली. मग तिने थोरलीचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "आठवडाभर मी तुम्हाला शिकवलं, असं लिहून द्यायचंय. नाहीतर वरून विचारणा होते. मी लिहून टाकते, तुम्ही टेका तिथे."

"मुकादमबाई काचेतून बघतायत. शिकव."

"काय शिकवू, मावशी?"

"पहिल्यापासून."

बडबडीने चादर उचलली. "दोन बोटांत कड. अंगठा आत घ्यायचा नाही, भाजतो. पाय थोडे फाकवून, भार दोन्ही गुडघ्यांवर सारखा," ती म्हणाली आणि तिची नजर थोरलीच्या उजव्या गुडघ्यावर गेली.

"सारखा," थोरली म्हणाली, आणि तिने पाय फाकवले.