तिसरी रांग आधी हसते

पट्टी १
रंगमंचावर भावोजी म्हणाले, "आता फक्त एकच प्रश्न आहे..."

पट्टी २
आणि थांबले.

पट्टी ३
तिसरी रांग हसली.

पट्टी ४
भावोजी पुढचं काही बोललेच नव्हते.

पट्टी ५, लांबलचक, स्क्रीनवर न मावणारी
तिसऱ्या रांगेत बारा माणसं बसतात. बाराही जणांना ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी रंगमंचाच्या डाव्या कडेला एक काळी स्क्रीन टांगलेली असते आणि नट जे बोलतात ते तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटतं. दोन ओळी आल्या, गेल्या, पुढच्या दोन आल्या. या दोन ओळींना आम्ही पट्टी म्हणतो. संहितेचे तुकडे पाडून पट्ट्या करणारा प्रोग्राम माझा. बारांपैकी एक माझी ताई. आणि रंगमंचावर तोंड उघडं ठेवून उभा असलेला नट तिचा नवरा.

पट्टी ६
नाटकात भावोजी म्हातारे कुलूपवाले आहेत. आपल्याच घराची किल्ली हरवते, म्हणून पहिल्या अंकभर ते कुलपाशी झगडतात. शेवटी दार उघडतं. ते घाम पुसतात, आत डोकावतात आणि म्हणतात, "आता फक्त एकच प्रश्न आहे... हे घर कोणाचं?" त्यावर हशा, आणि हशावर मध्यंतराचा पडदा.

त्या दिवशी माझ्या प्रोग्रामने ते अख्खं वाक्य एकाच पट्टीत दाखवलं. तिसऱ्या रांगेने वाचलं आणि ती हसली. उरलेल्या तीनशे माणसांनी माना वळवल्या, कोण हसतंय ते बघायला. भावोजींनी "हे घर कोणाचं?" म्हटलं तेव्हा त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हशा आला तो पावशेर.

पट्टी ७
"मेहुणीबाई," भावोजी मेकअप पुसत म्हणाले, "चोरी झाली. तीसुद्धा घरच्या माणसाकडून."

"भावोजी, वाक्य बरोबर तोडलं होतं."

"बरोबर! माझा पंच माझ्याआधी भिंतीवर लावला आणि म्हणे बरोबर!"

दिग्दर्शिका दारात उभी होती. तिला सगळे मॅडम म्हणतात, तिची आईसुद्धा.

"रविवारी चारचा प्रयोग आहे," मॅडम म्हणाली. "पहिल्या अंकात तिसरी रांग एकदा जरी आधी हसली, तर मध्यंतरात स्क्रीन उतरवायची. कायमची."

पट्टी ८
ताई माझ्या शेजारी उभी राहून मॅडमचे ओठ वाचत होती.

पट्टी ९
ताईचे कान सव्विसाव्या वर्षी गेले. एका तापात, आठ दिवसांत. बोलणं राहिलं, जरा मोठ्या आवाजातलं. सुटलं ते माणसांत बसणं. लग्नघरात, ऑफिसच्या पार्टीत, जिथे जिथे लोक हसतात तिथे ती जाईनाशी झाली. "सगळे हसून झाल्यावर मी हसते," ती मला एकदा म्हणाली होती, "आणि मग सगळे माझ्याकडे इतकं गोड बघतात की ताट फेकून मारावंसं वाटतं." स्क्रीन आल्यापासून ती दर प्रयोगाला येत होती. बरोबर अकरा जणांना घेऊन.

स्क्रीन उतरली की ते बाराही जण परत घरी.

पट्टी १०, माझ्या चुकांची
पहिल्या प्रयोगाला प्रोग्राम अक्षरं मोजायला चुकला. एका ओळीत बत्तीस अक्षरं, असं मी त्याला सांगितलं होतं. त्याने काना, मात्रा, वेलांटी सगळ्यांना वेगवेगळं मोजलं आणि बत्तिसाव्यावर सुरी चालवली. 'कुलूप'मधला ल वरच्या ओळीत राहिला, त्याचा ऊकार खाली पडला, एकटाच, ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळत. तिसऱ्या रांगेतले निवृत्त हेडमास्तर मध्यंतरात येऊन म्हणाले, "बाळ, शाळेत असतीस तर बाकावर उभी केली असती."

दुसऱ्या प्रयोगाला तो वाक्यं मोजायला चुकला. नाटकात वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात. संहितेत "डॉ." दिसलं की प्रोग्राम टिंब बघून म्हणे, संपलं वाक्य. स्क्रीनवर नुसतं "डॉ." यायचं आणि चार सेकंद तसंच बसून राहायचं. तिसरी रांग वाट बघायची, कोण डॉक्टर, काय झालं, आणि तोपर्यंत डॉक्टर येऊन निघूनही गेलेले असायचे.

तेही दुरुस्त केलं. तिसऱ्या प्रयोगाला अक्षर फुटलं नाही, शब्द तुटला नाही, प्रत्येक वाक्य जिथे संपायचं तिथेच संपलं. मी मागच्या लाइटच्या खोलीत बसून स्वतःची पाठ थोपटत होते.

तोच हा प्रयोग. प्रोग्राम शंभर टक्के बरोबर होता आणि तिसरी रांग आधी हसली.

पट्टी ११
गुरुवार. मी प्रत्येक तीन टिंबांपाशी वाक्य तोडलं आणि पुढच्या तुकड्याला वेळ लावून दिली. जुन्या रेकॉर्डिंगवरून भावोजींचा पॉज मोजला. एका प्रयोगात दोन सेकंद, एकात साडेचार, एकात जेमतेम एक.

"भावोजी, नक्की किती थांबता?"

"मी कुठे थांबतो? प्रेक्षक थांबवतात."

वेळ लावणं रद्द.

पट्टी १२
शुक्रवार दुपार, ताईचं घर. ठरलं की पट्टी हाताने सोडायची. भावोजी जेवणाच्या टेबलापलीकडे उभे राहून बोलत होते, मी लॅपटॉपच्या बटणावर बोट ठेवून कान टवकारले होते. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आता फक्त एकच प्रश्न आहे..."

मी थांबले. भावोजींचा "हे" कानावर आला. मी बटण दाबलं. पट्टी उमटली तोवर भावोजींचं वाक्य संपलं होतं.

"उशीर," ताई म्हणाली.

परत केलं. परत उशीर. ऐकायचं, मग ठरवायचं, मग दाबायचं. जवळजवळ एक सेकंद जात होता.

"एका सेकंदाने काय बिघडतं गं?" मी ओठ ठळक हलवत विचारलं.

"एक सेकंद उशिरा हसणं म्हणजे लग्न उरकल्यावर आहेर घेऊन जाण्यासारखं आहे," ताई म्हणाली. "घेतात. पण मांडव उतरलेला असतो."

पट्टी १३
सातव्या खेपेला ताई हातातल्या चादरीची घडी न मोडता म्हणाली, "आता बोलेल."

आणि भावोजी बोलले.

पट्टी १४
आठव्या खेपेला पुन्हा. "आता."

"हे घर कोणाचं?"

पट्टी १५
"ताई, तुला कसं कळतं?"

"टाच."

"काय?"

"डावी टाच उचलतो, मग बोलतो. हशा घ्यायचा असला की हमखास."

"मी?" भावोजी उखडले. "मी टाच उचलतो? बावीस वर्षं रंगमंचावर उभा आहे मी! घट्ट उभा!"

"अहो, अकरा वर्षं बघतेय. भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा उचलता."

भावोजींनी खाली आपल्या पायाकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

मी लॅपटॉप टेबलावरून ढकलत ताईच्या पुढ्यात नेला. ऐकणाऱ्या माणसाचं हे कामच नव्हतं. मला आवाज येईपर्यंत थांबावं लागत होतं. ताईला आवाजाची वाट बघायचं कारणच नव्हतं.

ताईने चादर बाजूला ठेवली. पेन्सिल घेतली. संहितेचं पहिलं पान उघडलं. अक्षर फुटू द्यायचं नाही आणि शब्द तुटू द्यायचा नाही, एवढं प्रोग्रामने बघायचं असं ठरलं. वाक्य कुठे तोडायचं ते ताई बघणार.

*

इथून पुढे आकडे नाहीत. इथून पुढे तुकडे ताईच्या पेन्सिलीचे.

*

शनिवारी दिवसभर ती तोडत होती / मी तिने मारलेल्या तिरक्या रेघा प्रोग्रामला भरवत होते.

जिथे टिंब होतं तिथे ती कधीकधी थांबलीच नाही / दोन वाक्यं एका दमात गेली. जिथे व्याकरणाने कुणी श्वाससुद्धा घेतला नसता / तिथे तिने तीन रेघा मारल्या.

"इथे का गं?"

"इथे तो खिशात हात घालतो."

"संहितेत तसं लिहिलेलं नाही."

"त्यालाही माहीत नाही. / पण घालतो."

रविवारी आम्ही लाइटच्या खोलीत बसलो नाही. पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला, स्क्रीनच्या खाली, मॅडमने एक छोटं टेबल दिलं. तिथून रंगमंचाची कड बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येते. नटाचा चेहरा बघायला मान वर करावी लागते / टाचा समोर.

ताईला कुजबुजता येत नाही. तिची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते. म्हणून ठरलं होतं की अंक संपेपर्यंत दोघींनीही तोंड उघडायचं नाही.

तिसऱ्या रांगेत आज अकराच जण होते. बारावी खुर्ची रिकामी. मॅडम भिंतीला टेकून उभी, हाताची घडी, नजर रंगमंचावर नाही / तिसऱ्या रांगेवर.

पडदा उघडला.

पहिला हशा चौथ्या मिनिटाला येतो. कुलूपवाला डॉक्टरांना सांगतो, "चाळीस वर्षांत माझ्यापुढे एकही कुलूप टिकलं नाही / सासूबाईंच्या डब्याचं सोडून." ताईने टाच बघितली, दाबलं. मी मान वळवली. हेडमास्तर हसत होते / आणि त्यांच्या मागची बाई हसत होती / आणि तिच्या मागचा तिचा मुलगा. कोण आधी, कोण नंतर, सांगता आलं नसतं.

दुसरा हशा. तिसरा. हात खिशात गेला, ताईचं बोट त्याच्याबरोबर. अकरावा. चौदावा. मॅडमने हाताची घडी सोडली.

पण भावोजींना आता टाचेबद्दल माहीत होतं. आणि आपल्या बायकोला कधी नव्हे ते हरवायची संधी / हा माणूस सोडेल असं मला वाटत नव्हतं.

दार उघडलं. भावोजींनी घाम पुसला. आत डोकावले. सावकाश वळले.

"आता फक्त / एकच / प्रश्न आहे..."

थांबले.

एक सेकंद.

दोन.

तीन. ते प्रेक्षकांकडे बघत होते. प्रेक्षागृहात कुणी खोकलंही नाही.

चार.

पाच. डावी टाच उचलली.

माझा हात आपोआप बटणाकडे गेला. ताईने नजर न हलवता माझ्या मनगटावर चापट मारली.

सहा. टाच खाली आली. भावोजी बोललेच नव्हते. खोटी टाच! या माणसाने भर प्रयोगात, तीनशे माणसांसमोर, बायकोला हूल दिली होती.

सात. स्क्रीन काळी. तिसरी रांग स्क्रीनकडे बघत होती, मग भावोजींकडे, मग स्क्रीनकडे. तीनशे अकरा माणसांना एकच गोष्ट माहीत नव्हती / आणि ती सगळ्यांना सारखीच माहीत नव्हती.

आठ.

नऊ. मला टाच दिसली नाही. मला काहीच दिसलं नाही. ताईने दाबलं.

"हे घर कोणाचं?"

/

हशा कुठल्या रांगेतून सुटला ते मला आजही सांगता येणार नाही. तो सगळीकडून एकदम आला, छतावर आदळला आणि परत खाली आला. टेबल थरथरलं. ताईने दोन्ही तळवे टेबलावर टेकवले, मान वळवली आणि तिसऱ्या रांगेकडे बघितलं. हेडमास्तर शेजारच्या जुळ्या भावांच्या अंगावर कोसळले होते. चौथ्या रांगेतला कुणी एक अनोळखी माणूस त्यांच्या खांद्यावर हात आपटत होता. पडदा ओढणारा हसता हसता पडदा ओढायला विसरला, आणि भावोजींना तिथेच, तोंड उघडं ठेवून, आणखी अर्धं मिनिट उभं राहावं लागलं.

ताईही हसत होती. उशिरा नाही / आधी नाही.

शेवटी एकदाचा पडदा पडला, दिवे लागले. अकरा जण उठले, टेबलाकडे वळले आणि दोन्ही हात वर करून पंजे हलवू लागले. त्यांची टाळी तशीच असते. चौथ्या रांगेने ते बघितलं, काय चाललंय ते कळलं नाही, तरी तिनेही हात वर केले. मग पाचवीने. मागे मागे ते पसरत गेलं, आणि सगळं प्रेक्षागृह पंजे हलवत उभं राहिलं.

भावोजी मेकअपसकट बाजूच्या दारातून धावत आले.

"फसली कशी नाहीस?"

"टाच उचलली, पण श्वास कुठे घेतलात?" ताई तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, आणि पहिल्या दोन रांगांनी ऐकलं. "श्वासाशिवाय बोलणार होतात कसे?"

"नऊ सेकंद," भावोजी म्हणाले. त्यांचा स्वतःचा विश्वास बसत नव्हता. "बावीस वर्षांत नऊ सेकंद मला कुणी थांबू दिलं नव्हतं गं. कुणी ना कुणी फुटतंच."

मॅडम आली. तिने आधी स्क्रीनकडे बघितलं, मग ताईकडे, मग मोबाइलमध्ये काहीतरी शोधत म्हणाली, "दौऱ्याचे सतरा प्रयोग आहेत. हे टेबल सगळीकडे इथेच लागेल ना, की जरा मागे चालेल?"

"मागे नाही," ताई म्हणाली. "आणि टेबल दोन बोटं खाली घ्या. दुसऱ्या अंकात तो बसून बोलतो."

तिसरी घंटा झाली. भावोजी धोतराचा सोगा सावरत पळाले. ताईने खुर्ची पुढे ओढली, बोट बटणावर ठेवलं आणि कोपराने मला ढोसलं.

"सरक. डोकं मध्ये येतंय."