आर्डिथच्या अंगणातले पाणी

“आली बरं का! वाटेवर नका उभे राहू, हिरवळीच्या कडेला या सगळे. कडेला!”

बिशप दोन्ही हात हलवत ओरडत होते. आठवडाभर ते गावातल्या लोकांचे दात काढत आणि रविवारी मॉर्मन चर्चमधल्या, एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणणाऱ्या मंडळीचा कारभार पाहत. दोन्हीकडे त्यांचा उत्साह सारखाच असे. लोक हसत हसत आर्डिथ नायबोर्गच्या अंगणाच्या कडेला सरकले. घडीच्या टेबलावर लिंबाच्या वड्या, हिरवी जेली आणि चीज घातलेल्या बटाट्यांचे मोठे भांडे मांडले होते. व्हर्ल टोलमनला सगळ्यांनी ढकलून पुढे उभे केले. शेजारी तोच, आणि कामात पुढाकारही त्याचाच.

आर्डिथची मुलगी केलीन हिने गाडी थांबवली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आर्डिथ सॉल्ट लेक शहरात तिच्याकडे राहिली होती. आधी आधाराने चालायचा वॉकर उतरला, मग आर्डिथ. तिने मान वर केली आणि ती तिथेच थांबली.

घराच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत सगळे सपाट झाले होते. मातीवर कोवळ्या गवताची लव आली होती आणि पाच फवारे तिच्यावर गोल फिरत होते. उन्हात पाण्याचे थेंब चकाकत होते.

“सरप्राइज!” कोणीतरी ओरडले. टाळ्या झाल्या.

“आई,” केलीन हळूच म्हणाली, “आई, बाबांची फुलं...”

आर्डिथने तिच्या मनगटावर हात ठेवला. मग ती मंडळीकडे वळली. “केवढी मेहनत घेतलीत,” ती म्हणाली. “केवढी मेहनत.”

“तण माजलं होतं हो, सिस्टर नायबोर्ग. कमरेएवढं!” बिशप म्हणाले. “आमच्या तरुण मंडळींनी एका शनिवारात कापून साफ केलं, गवताचं बी टाकलं. तुम्ही आता फक्त खुर्ची टाकून बसायचं.”

“आणि पाणी? पाणी कोणी सुरू केलं?”

“ब्रदर टोलमननी! सगळे नळ नव्याने जोडले, टायमर लावला, दिवसातून तीनदा पाणी. एक पैसा घेतला नाही. पुढे ये की, व्हर्ल. दात काढत नाहीये मी तुझे.”

हशा पिकला. आर्डिथ व्हर्लकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर व्हर्लला बरे वाटले असते.

“हो का,” ती म्हणाली. मग तिने एक लिंबाची वडी उचलली, सगळी खाल्ली आणि कोणी केली म्हणून विचारले.

व्हर्लला तेव्हाच घरी जायचे होते. पण लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते आणि प्रत्येक थापेगणिक त्याला हसावे लागत होते.

*

व्हर्ल आयुष्यभर फवारे बसवत आला होता. त्या कोरड्या खोऱ्यात, जिथे जूननंतर आभाळातून थेंब पडत नाही आणि डोंगरावर सेजच्या राखाडी झुडपांखेरीज लांबून काही दिसत नाही, तिथे गावातले रस्ते दुतर्फा हिरवे असत ते त्याच्यामुळे. जमिनीत नळ्या कुठून कशा गेल्या आहेत हे त्याला डोळे मिटून सांगता येई. पूर्वी लोक त्याच्या स्वतःच्या हिरवळीसमोर गाडी हळू करत. त्याच्या वडिलांच्या पिढीने ओसाड जमिनीत पाणी आणले, आणि पुढचे काम आपण केले, असे तो मानत असे. बोलून मात्र दाखवत नसे.

मग आर्डिथच्या नवऱ्याने, डेलॉस नायबोर्गने, आपली हिरवळ मारली. ताडपत्री घालून, एका उन्हाळ्यात, मुद्दाम. व्हर्लला बोलावून म्हणाला, “नळ्यांना झाकणं घाल रे. मला फवारे नकोत आता.”

“बिघडलेत का?”

“उत्तम आहेत. पण डोंगरावरची फुलं लावतोय मी. निळी जवस, गलांडा, पेनस्टेमन. एकदा धरली की वर्षानुवर्षं राहतात. त्यांना पाणी चालत नाही. आपल्या या चिकणमातीत रोज पाणी घातलं की मुळं कुजून जातात. रागावू नकोस.”

“मी कशाला रागावू? अंगण तुझं.”

व्हर्लने झाकणे घातली. राग आला होताच.

डेलॉसने हिवाळ्याच्या तोंडी बी पेरले. या बियांना थंडी सोसल्याखेरीज अंकुर येत नाही. ती बर्फाखाली असतानाच डेलॉसचे हृदय बंद पडले. पहिल्या उन्हाळ्यात जमिनीलगत पानांची लहान लहान चक्रे दिसली, एवढेच. दुसऱ्या उन्हाळ्यात चार निळे तुरे आले. आर्डिथ रोज सकाळी पायरीवर बसून त्यांच्याकडे बघे. रस्त्याने जाणारे थांबून तिला विचारत. त्याच वर्षी रस्त्यावरच्या आणखी दोन घरांनी व्हर्लला बोलावून नळ्यांना झाकणे घालून घेतली.

तिसऱ्या उन्हाळ्यात सगळे फुलायचे होते. केलीनला फोनवर आर्डिथ म्हणाली ते व्हर्लने कुंपणापलीकडून ऐकले होते, “कळ्या धरल्यात गं. मी परत येईस्तोवर थांबल्या तर बरं.”

आणि मे महिन्याच्या सभेत बिशपनी जेव्हा विचारले, की यंदा कोणाच्या घरी श्रमदान करायचं, तेव्हा व्हर्लने हात वर केला. “सिस्टर नायबोर्ग. एकटी बाई, गुडघ्याचं दुखणं. अंगणाची पार दैना झालीय.”

“त्यांना विचारायला नको का?”

“विचारलं तर नाही म्हणतील. संकोची आहेत,” व्हर्ल म्हणाला. “मी ओळखतो ना त्यांना.”

*

त्या संध्याकाळी व्हर्लच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आर्डिथचे अंगण दिसत होते. फवारे बंद होते. तिने आल्या आल्या बंद केले असणार. ती खुर्चीवर बसून काठीने माती उकरत होती. एके ठिकाणी वाकली, काहीतरी ओढले. ते लगेच हातात आले. तिने ते बोटांत चुरगाळले आणि हात स्कर्टला पुसला.

व्हर्लची बायको लनेट भांडी पुसता पुसता बघत होती. “ती फुलं होती म्हणे. डेलॉसने लावलेली. केलीन रडत होती गाडीत. तुला ठाऊक होतं का रे?”

“मला फुलांतलं काय कळतंय? मी नळवाला माणूस.”

“तेच म्हटलं. ठाऊक असतं तर तू बोलला असतास.”

तिने ते इतक्या सहज म्हटले की व्हर्ल उठून गॅरेजमध्ये गेला आणि तिथे काही काम नसताना बराच वेळ उभा राहिला.

महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. त्या दिवशी ठरलेले प्रवचन नसते; ज्याला वाटेल त्याने उठून मनातले सांगायचे. आर्डिथ काठी टेकत पुढे गेली. व्हर्लने बाकाची कड धरली.

“मी नव्हते तेव्हा माझ्या अंगणात पुष्कळ लोक राबले,” ती म्हणाली. “उन्हात, पाठ मोडेपर्यंत. काहींना आता कळलंय की तिथे डेलॉसची फुलं होती. तुम्ही वाईट वाटून घेताय, असं केलीन सांगत होती. नका घेऊ. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांचा दोष नाही. कोणीतरी माझी आठवण ठेवली, हे माझ्याजवळ आहे.”

बायका डोळे पुसत होत्या. लनेटने व्हर्लचा हात घट्ट दाबला. ज्यांना ठाऊक नव्हतं. सभेत ते वाक्य एकट्या त्याच्याच अंगावर पडले होते. बाकीच्यांनी ते क्षमा म्हणून घेतले. उठावे, दोन वाक्ये बोलावी, असे त्याच्या मनात आले. तो उठला नाही. बाहेर पडताना बिशपनी त्याचा हात हलवला. “मोठ्या मनाची बाई. आणि तूही, ब्रदर टोलमन. माझ्या सासूबाईंचंही अंगण बघून घे की एकदा.”

व्हर्ल “बघतो” म्हणाला. नंतर त्याला स्वतःच्या या एका शब्दाची सगळ्यात जास्त लाज वाटली.

*

आठवडाभर तो मागच्या दाराने ये-जा करत राहिला. शेवटी एका दुपारी त्याने आर्डिथचे दार वाजवले.

“मला बोलायचं होतं,” तो म्हणाला. “त्या पाण्याबद्दल. मला...”

“डेलॉसने तुला सांगितलं होतं.” आर्डिथने जाळीचे दार उघडले नाही. “मी खिडकीत भांडी घासत होते तेव्हा. शब्द न् शब्द ऐकला.”

व्हर्लने टोपी काढली. “मग त्या दिवशी, सगळ्यांसमोर, तुम्ही काही...”

“ते पोरांसाठी होतं. बिचारी राबली. तुझ्यासाठी नव्हतं ते.”

तिचा आवाज चढला नव्हता. व्हर्ल टोपी हातात घेऊन उभा राहिला. माफी मागायचे वाक्य त्याने रात्रभर घोळवले होते. आता ते पोरकट वाटू लागले.

“नुसती कापली असतीस तर परत फुटली असती, व्हर्ल. पुढल्या वर्षी मीच हसले असते. पण तू पाणी घातलंस.”

“हो.”

“का?”

“लोक तुमच्या अंगणापाशी थांबायचे,” तो म्हणाला.

आर्डिथने त्याच्याकडे नीट पाहिले. ती हसेल असे त्याला वाटले. ती हसली नाही.

“ऑगस्टमध्ये बी पिकतं,” ती म्हणाली. “पेरण्याआधी कित्येक वर्षं डेलॉस आणि मी ते जमवायला जायचो. मला आता डोंगर चढवणार नाही. तुझा ट्रक आहे ना?”

*

ऑगस्टमधल्या एका सकाळी, डोंगरावरचा मातीचा रस्ता संपला तिथे व्हर्लने ट्रक उभा केला. आर्डिथ आत बसून राहिली, पाय लांब करून. तिने त्याला कागदी पिशव्या दिल्या आणि खिडकीतून हात काढून उतार दाखवला. “तो खडकाळ पट्टा. वाळलेले दांडे, त्यांना लहान लहान बोंडं. बोंडाचं तोंड उघडलं असेल तरच घ्यायचं.”

वर गेल्यावर व्हर्लला सगळेच वाळलेले दांडे दिसले. जन्म या डोंगराखाली गेला होता, आणि इथल्या एकाही झाडाचे नाव त्याला येत नव्हते. त्याने एक दांडा खुडून खाली आणला.

“हे नाही. हे कुसळी गवत. मोज्यांतही भरलंय बघ तुझ्या.”

तो पुन्हा गेला. दुसरा आणला.

“बोंड हिरवं आहे. आता फुकट गेलं ते.”

तिसऱ्यांदा त्याने आणलेला दांडा तिने तळहातावर झटकला. काळे, कोनाकोनांचे बारीक बी पडले. तिने ते नाकाशी नेले. “पेनस्टेमन,” ती म्हणाली. “वास घाणेरडा असतो. डेलॉसची पँट मी अंगणातच धुवायचे.”

ती प्रथमच नेहमीसारखे बोलली होती. व्हर्ल धावतच वर गेला. ऊन मानेवर चढले, गुडघे खरचटले, पण त्याला आता झाड ओळखू येत होते. उताराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने एकेक दांडा झटकला. सगळे अंगण भरेल, डेलॉसने लावले होते त्याच्या दुप्पट होईल. पिशवी जड लागली तेव्हा त्याला कित्येक आठवड्यांत वाटले नव्हते इतके हलके वाटले.

त्याने पिशवी आर्डिथच्या मांडीवर ठेवली. तिने आत हात घातला आणि तो तसाच राहू दिला.

“कुठून कुठून घेतलंस?”

“सगळ्या झाडांचं. एकही सोडलं नाही.”

तिने उताराकडे पाहिले. “अरे, दर झाडाचं थोडंसंच घ्यायचं असतं. दहातलं एखादं. बाकीचं डोंगराचं. तिथेच पडतं आणि तिथेच उगवतं. ती झाडं म्हातारी होतात. मग पुढे तिथे काय उगवणार?”

व्हर्लने उतार बघितला. वाळलेले दांडे तसेच उभे होते. लांबून काही बदलले नव्हते. आपण पुन्हा तेच केले, दुसऱ्याला न विचारता, भरभरून, हे त्याला कळले.

आर्डिथने रुमाल पसरला, त्यात दोन चिमटी बी घेतले आणि गाठ मारली. उरलेली पिशवी तिने खिडकीतून त्याच्यापुढे धरली.

व्हर्ल ती घेऊन वर निघाला. पहिल्या दांड्यापाशी तो गुडघ्यांवर बसला, चिमूटभर बी मुळाशी टाकले आणि बोटाने वर माती ओढली. मग दुसऱ्यापाशी. उतार लांब होता. ट्रकमधून आर्डिथला त्याची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. तो काय टाकतोय ते इतके बारीक होते की जवळ उभ्या माणसालाही दिसले नसते.