ओढ्याकडं निघालेली ट्रॉली

पोरानं बंगल्यासाठी जुनं घर पाडलं. मातीच्या भिंती शेतात पसरल्या, दगड बांधाला लागले. राहिली त्यानंच मागं बांधलेली सिमेंटची खोली. तिचा राडारोडा भरून ट्रॉली ओढ्याकडं निघाली. आमच्या विहिरीला पाणी त्याच ओढ्याचं. मी जाऊन ट्रॉलीपुढंच उभी राहिले.

"आये, सरक की!" इंद्रजीत ओरडला.

"माझ्या सासूनं थापलेल्या भिंतीवर आता ज्वारी येईल. तुझ्या भिंतीवर काय येणार हाय?"

"मग हे कुटं टाकू?"

"बंगल्याच्या जोत्यात भर की. त्यासाठी माळ खणून मुरूम आणतोस न्हवं?"

त्यानं तोंड वाकडं केलं, पण ट्रॉली वळवली. ती जोत्यात रिकामी होईपर्यंत मी काही तिथनं हलले नाही.