स्वखुशीने

कृषी प्रदर्शनाचा तिसरा दिवस. ट्रॅक्टरच्या मंडपापेक्षा ताईच्या आमलेट-पावाच्या स्टॉलपुढेच गर्दी जास्त होती. ताईला मान वर करायला उसंत नव्हती, पण मन कसं भरून आलं होतं. वडील गेल्यापासून चार वर्षांत धाकट्या भावाने तिची साधी विचारपूस केली नव्हती. तो महिन्यापूर्वी अचानक दारात उभा राहिला. "ताई, तुझ्या हाताला चव आहे. आपण भावंडं मिळून स्टॉल टाकू." नवरा हसला होता, "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" ताईने त्यालाच दटावलं आणि आपला तवा घेऊन ती माहेरी आली. इथे तर भावजय रोज तिचे पाय तेल लावून चेपून देत होती. एवढं कौतुक तिने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी ऐन गर्दीत भाऊ एका कारकुनाला घेऊन आला. त्याच्या बगलेत जाडजूड फाईल होती.

"ताई, समितीचा अर्ज आहे. स्टॉल दोघांच्या नावावर करतोय. इथे सही कर, पटकन."

ताईने फडक्याला हात पुसले, पेन घेतलं. टेकवणार, इतक्यात तिची नजर एका आकड्यावर थबकली. विहिरीच्या शेताचा गट नंबर! शाळेत असताना वडिलांची शेतसाऱ्याची पावती तीच आणायची, त्यावर हाच आकडा असायचा. तिने वरपासून वाचायला घेतलं. 'वडिलार्जित जमिनीतील माझा हिस्सा मी भावाच्या लाभात स्वखुशीने सोडत आहे...'

तव्यावरचं आमलेट करपलं.

"हा स्टॉलचा अर्ज?"

भावाने आवाज खाली आणला. "लोकांत तमाशा नको. तुला काय कमी आहे? बहिणी सोडतातच. आत्याने नाही सोडलं?"

"सोडलं ना. आणि म्हातारपणी याच घरी आली, तेव्हा तिचं अंथरूण आपण गोठ्यात घातलं. तिचं ताट मीच तिकडे नेऊन ठेवायचे. कधी भाजी संपलेली असायची, तरी ती बिचारी चकार शब्द काढत नसे."

ताईने भावजयीकडे पाहिलं. ती मान न उचलता पाव कापत राहिली. "मी म्हटलं होतं यांना," ती पुटपुटली, "सरळ सांगा म्हणून."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं! रोजचं ते तेल, ते "दमलात हो ताई", सगळं या एका सहीसाठी.

"सरळ मागितलं असतंस तर भांडले असते रे," ती भावाला म्हणाली. "पण मला भाऊ तरी उरला असता."

तिने पेन कारकुनाच्या हातात परत ठेवलं. "या फाईलमध्ये असे अजून किती कागद आहेत?"

"बाई, आम्ही फक्त सह्या घेतो," तो म्हणाला आणि गर्दीत दिसेनासा झाला. भाऊही त्याच्यामागे निघून गेला.

ताईने गॅस बंद केला, तशी रांग पांगली. रांगेतली एक बाई मात्र रिकामी ताटली धरून तशीच उभी होती.

"आता मिळायचं नाही हो," ताई म्हणाली.

"खायला नको." बाई जवळ सरकली. "माझ्याही भावाने गेल्या वर्षी सही घेतली. बियाण्यांचा अर्ज म्हणाला. मला वाचता येत नाही. त्यात काय लिहिलं होतं, ते आता कळेल का?"

ताईने तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"कळेल. उद्या सकाळी मी जमिनीच्या कचेरीत माझं नाव लावायला जाणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला."